पुरानंतर साडेतीन वर्षांनी : सांगलीतील एका आघातोपचाराचं प्रकरण

या प्रकरणातल्या महिलेची लेखी संमती घेतली आहे. वय, व्यवसाय, घराची जागा आणि कुटुंबातले काही तपशील बदलले आहेत. थेरपिस्टचा उल्लेख नावाशिवाय आहे. संबंधित महिलेला थेरपिस्ट ‘काकू’ म्हणत, म्हणून इथेही तेच संबोधन ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

सांगलीत कृष्णेचं पाणी मोजलं जातं ते आयर्विन पुलाजवळ. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं आणि पुढची चौदा वर्षं गावानं तीच शेवटची रेघ मानली. ‘पाच सालचं पाणी कुठवर आलं होतं’ यावर घराचा जोता ठरायचा, दुकानातल्या फळ्यांची उंची ठरायची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. हे आकडे मुद्दाम सुरुवातीला दिले आहेत, कारण पुढे उपचारात जे अडलं आणि जे सुटलं, ते या आकड्यांशीच बांधलेलं आहे.

काकूंचं वय ४६, शिक्षण सातवी. घरी शिलाई मशीन, ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं. नवरा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. मुलगा कामाला लागलेला, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. घर नदीकडच्या सखल वस्तीत: खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक खोली. ऑगस्ट २०१९ मध्ये काकू, मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई त्या पत्र्याच्या खोलीत दोन रात्री अडकून होते. नवरा मार्केट यार्डाकडे अडकला होता. तिसऱ्या दिवशी बोट आली. सासूबाईंना मधुमेह होता, इन्सुलिन चालू होतं आणि दम्याचा त्रास होता. सुटकेनंतर पाचव्या दिवशी त्या रुग्णालयात न्यूमोनियानं गेल्या.

काकू थेरपिस्टकडे आल्या फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि त्यांची तक्रार पुराची नव्हती. छातीत धडधड, पोटात गॅस, हातापायाला मुंग्या, रात्री दोनला जाग. मिरजेत ईसीजी आणि टू-डी इको झाला होता, दोन्ही नॉर्मल. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलेलं होतं. हे बरं झालं होतं, कारण या वयात धडधड आणि घाम पाळी जाण्याच्या काळानंही येतो आणि रक्त कमी असल्यानंही. ते न तपासता सगळं मनावर ढकलणं चूक ठरलं असतं. फिजिशियननं शेवटी एक साधा प्रश्न विचारला: ‘हा त्रास कोणत्या महिन्यात वाढतो?’ उत्तर आलं, ‘मिरगापास्नं.’ त्यावरून त्यांनी काकूंना मानसोपचारांकडे पाठवलं.

थेरपिस्टची तयारी

थेरपिस्टनं मानसशास्त्रात एम.ए. केल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजीत दोन वर्षांचं एम.फिल. केलं होतं, आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे तिची नोंदणी होती. हे सांगण्याचं कारण आहे. ‘समुपदेशक’ ही पाटी काही आठवड्यांचा कोर्स करूनही लागते. आघातानंतरच्या तणाव विकारात आठवणी उकलण्याचं काम करायचं तर निदान, आत्महत्येच्या जोखमीचं मूल्यमापन आणि देखरेखीखाली केलेला सराव या तिन्ही गोष्टी लागतात. लोकांनी नोंदणी विचारावी. विचारण्यात अपमान काही नाही.

तिचं प्रशिक्षण दोन पद्धतींत पक्कं होतं: एडना फोआ यांनी विकसित केलेली प्रदीर्घ सामोरं जाण्याची पद्धत, आणि आघाताभोवती तयार झालेले समज तपासणारी बोधात्मक पद्धत. डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआरची तिनं फक्त प्राथमिक कार्यशाळा केली होती. ती पद्धत या विकारात उपयोगी ठरते हे तिला माहीत होतं, तरी स्वतः वापरायची नाही हे तिनं आधीच ठरवलेलं होतं. पुण्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर दर पंधरवड्याला ऑनलाइन प्रकरण-चर्चा चालू होती.

आणखी एक गोष्ट होती. थेरपिस्ट वारणाकाठच्या गावातली. २००५ मध्ये तिच्या माहेरच्या घरात पाणी शिरलं होतं. दुसऱ्याच भेटीत काकूंनी विचारलं, ‘मॅडम, तुमच्या घरात पाणी आलेलं का कधी?’ ‘नाही’ म्हटलं तर खोटं. टाळलं तर अंतर वाढणार. सगळं सांगितलं तर काकू थेरपिस्टला जपू लागणार, अवघड ते सांगणार नाहीत. तिनं एवढंच म्हटलं: ‘हो, लहानपणी आलं होतं. आमची माणसं सुखरूप राहिली. म्हणून तुमच्यावर काय गुजरलं ते मला माहीत आहे असं मी धरणार नाही, तुम्हीच सांगा.’ दोन-तीन वाक्यं, आणि चेंडू परत काकूंकडे. आपल्याच गावातल्या, आपल्याच नदीच्या माणसावर उपचार करताना हे प्रमाण आधी ठरवून ठेवावं लागतं.

समस्या

पहिल्या तीन भेटी मूल्यमापनात गेल्या. चित्र असं होतं.

पत्र्यावर पाऊस वाजला की काकू उठून बसत, कधी जिन्यात जाऊन खाली हात लावून पाणी आहे का ते बघत. डिझेलचा वास आला की मळमळ होई. बोटीच्या इंजिनाचा तो वास. आयर्विन पुलावरून जाणं त्यांनी बंद केलं होतं, पलीकडे जायचं तर बायपासचा वळसा. सासूबाईंचा फोटो कपाटात पालथा. पावसाळ्यात मोबाइलवर पाणीपातळी दिवसाला तीस-चाळीस वेळा बघणं. कागदपत्रं, औषधं, बॅटरी आणि दोन साड्या भरलेली एक पिशवी दाराशी, बाराही महिने. आणि एक वाक्य, जे पहिल्या भेटीत एकदाच आलं आणि लगेच मागे घेतलं गेलं: ‘मी मशीन वर नेलं आणि आत्याबाईंचं इन्सुलिन खाली ठेवलं.’

आघातानंतरचा तणाव मोजणाऱ्या पीसीएल-५ या वीस प्रश्नांच्या मोजपट्टीवर ८० पैकी ५२ आले. प्रश्न वाचायला न देता तोंडी विचारले. काकूंना वाचता येत होतं, पण ‘त्रासदायक आठवणी’ म्हटल्यावर त्या ‘मी मुद्दाम आठवत नाही’ असं सांगत आणि गुण कमी पडत. ‘नको असताना डोळ्यांसमोर येतं का’ असं विचारल्यावर उत्तर बदललं. साधारण ३१ ते ३३ गुणांपुढे विकाराची शक्यता धरतात. तो आकडा इथे निदानासाठी वापरला नाही. निदान मुलाखतीवरून केलं, आणि गुण फक्त काकूंची त्यांच्याशीच तुलना करायला ठेवले. नैराश्याच्या पीएचक्यू-९ पट्टीवर २७ पैकी १४. त्यातल्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला, ‘कधी कधी’. थेरपिस्टनं तिथेच थांबून सरळ विचारलं: विचार काय येतो, काही ठरवलं आहे का, घरात काय आहे. विचार असा होता की, त्यांच्या जागी मी गेले असते तर बरं झालं असतं. योजना नव्हती, आधी प्रयत्नही नव्हता. तरी रात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक घरच्या तिघांच्या फोनमध्ये टाकून घेतला, आणि दर भेटीत हा प्रश्न पुन्हा विचारायचा ठरलं.

दोन जुन्या गोष्टी कळल्या, दोन्ही महत्त्वाच्या. पुरानंतर तिसऱ्या आठवड्यात वस्तीत एक सामूहिक बैठक झाली होती. वीस-पंचवीस बायकांना गोल बसवून ‘जे झालं ते सगळं बोला, मन मोकळं होईल’ असं सांगण्यात आलं. काकू बोलल्या, रडल्या, पुढचे चार दिवस झोपल्या नाहीत, आणि ‘बोललं की वाढतं’ ही गाठ पक्की झाली. आपत्तीनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेण्याचा उपयोग होत नाही. काहींना त्यानं त्रासच होतो. त्या काळात लागतं ते आधी सुरक्षितता, अन्न, निवारा, आपली माणसं, आणि बोलायची सक्ती नाही. दुसरी गोष्ट गोळीची. डिसेंबर २०२१ पासून काकू रोज रात्री ०.५ मिलिग्रॅम अल्प्राझोलम, म्हणजे घबराट दाबून झोप आणणारी गोळी, घेत होत्या, चौदा महिने, जुन्या चिठ्ठीवर.

पर्यायांचा विचार

मार्च उजाडला होता. नवऱ्याचं म्हणणं, मिरगाच्या आत बरं करा. त्यांच्या डोक्यात आणखी एक मार्ग होता: त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करायची, ‘आईचा आत्मा अडकलाय’. थेरपिस्टनं विरोध केला नाही, उपचाराचा भाग म्हणून शिफारसही केली नाही. एकच गोष्ट विचारली: काकूंना स्वतःला जायचंय का? काकू म्हणाल्या, आत्ता नको, आत्ता गेले तर माफी मागायला जाईन. विधी पुढे ढकलला गेला तो या उत्तरावर. घरच्यांच्या श्रद्धेशी भांडण काढलं असतं तर पुढे ज्या नवऱ्याची मदत लागली, तो तिथेच तुटला असता.

औषध एकट्यानं? मानसोपचारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुचवलं. नैराश्याचे गुण पाहता ते सुरू करायचं ठरलं: २५ मिलिग्रॅम, आठवड्यानं ५०. त्यानं झोप आणि उदासी सुधारेल, पण इन्सुलिनचं वाक्य जिथल्या तिथे राहील, हे तज्ज्ञांनीच सांगितलं.

श्वासाचे व्यायाम आणि आधार देणारं बोलणं हा सर्वांत सोपा पर्याय होता, आणि मधल्या काळात एका ठिकाणी तो काही महिने झालेलाही होता. भेटीनंतर दोन दिवस बरं वाटे. नंतर परत.

उरल्या दोन पद्धती. समज तपासण्याच्या पद्धतीत लिहिणं बरंच असतं; काकूंना लिहिणं जड. सामोरं जाण्याच्या पद्धतीत प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायचा असतो. काकूंची गाठ नेमकी तिथेच. थेरपिस्टनं दुसरी मुख्य धरली आणि पहिलीतलं तपासणीचं काम तोंडी जोडायचं ठरवलं. निर्णय काकूंवर लादला नाही. कारण समजावून सांगितलं: आठवण आली की तुम्ही ती तिथल्या तिथे दाबता, त्यामुळे ती दर वेळी सर्वांत भीतीदायक जागी थांबते, पुढे बोट आली हे तिला कधी कळतच नाही. या वेळी वीस बायकांसमोर एकदा सांगायचं नाही. एका माणसासमोर, ठरलेल्या गतीनं, ठरलेल्या वेळा, आणि थांबवायचा अधिकार तुमच्याकडे. काकूंनी विचार करायला आठवडा घेतला, मग हो म्हणाल्या.

मिरगाच्या आधी सुरू करावं की पावसाळ्यानंतर? पावसाळ्यानंतर केलं तर काम शांततेत होईल, पण आणखी एक पावसाळा गोळीवर जाईल. मार्चला सुरू केलं तर जूनपर्यंत दहा-बारा भेटी मिळतात. मधेच खरंच पाणी चढलं तर मात्र उकललेली जखम उघडी राहणार. प्रकरण-चर्चेत ठरलं ते असं: आत्ता सुरू करायचं, पण कल्पनेतलं काम, म्हणजे प्रसंग मनात उभा करून सांगणं, मे अखेरीला कुठेही असलं तरी थांबवता येईल अशा टप्प्यावर आणायचं, आणि त्याआधी खऱ्या पुराचा आराखडा तयार ठेवायचा.

प्रत्यक्ष उपचार

मार्च ते जुलै २०२३, एकूण सोळा भेटी, प्रत्येकी पाऊण ते दीड तास.

भीतीची मोजणी शंभरातली. सांगलीतल्या माणसाला फूट ही मोजणी आपसूक येते, काकूंनी स्वतःच ‘लिहा पंचेचाळीस फूट’ म्हटलं होतं. थेरपिस्टनं ते घेतलं नाही. ज्या आकड्यानं छाती धडधडते, त्याच आकड्यात धडधड मोजली तर मोजणं हाच त्रास होतो.

प्रत्यक्ष सामोरं जायच्या गोष्टींची उतरंड काकूंनी बनवली. फोटो सरळ करून रोज पाच मिनिटं बघणं, ४०. मोबाइलवर पावसाचा आवाज ऐकणं, ४५. रिक्षातून आयर्विन पूल, ५५. तोच पूल पायी, ६५. कोरड्या दिवसात घाटाच्या पायऱ्यांवर बसणं, ७०. पत्र्याच्या खोलीत एकटीनं तासभर, ८५. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत किंवा पाऊण तास थांबायचं, आठवड्यातून चार वेळा. लोक इथे हमखास चुकतात ते असं: भीती टोकाला असताना उठतात. मग मेंदू एवढंच शिकतो की, उठलो म्हणून वाचलो. दुसरी चूक गोळीची. जायच्या आधी अल्प्राझोलम घेतली तर श्रेय गोळीला जातं, पूल जिथल्या तिथे राहतो.

गोळी अचानक बंद करता येत नव्हती. चौदा महिन्यांनंतर एकदम सोडली तर झोप उडते, घबराट उलटून येते, झटकेही येऊ शकतात. मानसोपचारतज्ज्ञांनी दर दोन-तीन आठवड्यांनी चौथाई कमी करत जायचं वेळापत्रक दिलं.

चौथ्या भेटीपासून कल्पनेतलं कथन सुरू झालं. डोळे मिटून, वर्तमानकाळात, ‘मी जिन्यात हाय’ अशा वाक्यांत. काकू सारख्या भूतकाळात जात, थेरपिस्ट हळूच म्हणे, ‘आत्ता काय दिसतंय?’ अर्धा-पाऊण तास, मग डोळे उघडून त्यावर बोलणं.

सोमवार, ५ ऑगस्ट २०१९, नागपंचमी. संध्याकाळी तरुण मंडळाची पोरं गल्लीतून ओरडत गेली, निघा म्हणून. सासूबाई म्हणाल्या, पाच साली पाणी तिसऱ्या पायरीला आलं होतं, एवढं काय. काकूंनाही पटलं. दुपारी मशीनचं डोकं वर नेलेलं होतं. रात्री वीज गेली. पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीला आलं तेव्हा इन्सुलिनची आठवण झाली, ते खाली फ्रिजमध्ये.

पहिली तीन कथनं इथेच संपली, शंभरपैकी ९५ वर. चौथ्या कथनात, सातव्या भेटीत, काकू पहिल्यांदाच पुढे गेल्या. त्या दोन पायऱ्या उतरल्या होत्या, आणि सासूबाईंनी मनगट धरलं होतं. ‘जाऊ नगंस, पोराला कोण बघंल.’ हे वाक्य साडेतीन वर्षांत एकदाही त्यांच्यासमोर आलं नव्हतं. आठवण दर वेळी सहाव्या पायरीवर थांबत होती, म्हणून. थेरपिस्टनं यावर काहीही अर्थ काढून दिला नाही. काकू बराच वेळ मनगट धरून बसल्या, मग घरी गेल्या. अशा क्षणी घाईनं ‘बघा, तुमची चूक नव्हती’ म्हणण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा. दुसऱ्यानं दिलेली माफी चार दिवस टिकते.

पुढच्या दोन भेटी त्या रात्रीच्या तपासणीच्या. मोठ्या कागदावर वेळेनुसार चार रकाने: किती वाजता, तेव्हा काय माहीत होतं, काय केलं, आणि नंतर काय कळलं. काकू सांगत गेल्या, थेरपिस्ट लिहीत गेली. चौथा रकाना झाकल्यावर दुपारची काकू दिसली: इन्सुलिन फ्रिजमध्येच ठेवायचं असतं एवढंच त्यांना सांगितलेलं होतं, फ्रिज चालू होता, आणि पाण्याची माहीत असलेली शेवटची रेघ तिसऱ्या पायरीची होती. ५७ फूट हा आकडा फक्त चौथ्या रकान्यात होता.

एक प्रश्न मात्र काकूंनी सरळ विचारला. फ्रिजबाहेर ते टिकलं असतं का? वापरातलं इन्सुलिन साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला टिकतं. थेरपिस्टनं ते लपवलं नाही. ‘टिकलं असतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?’ कुणीच सांगितलेलं नव्हतं. आणि ते न मिळाल्यानं सासूबाई गेल्या का, याचं उत्तर देणं थेरपिस्टचं काम नव्हतं. फिजिशियनना विनंती केली. त्यांनी रुग्णालयाची जुनी कागदपत्रं काकू आणि नवऱ्यासमोर वाचली. साखर वाढलेली होती, ती भरतीनंतर आटोक्यात आली होती. छातीतला संसर्ग दोन्ही बाजूंना होता, आणि आधीचा दमा. डॉक्टरांनी ‘काहीच फरक पडला नसता’ असं म्हटलं नाही. ‘फक्त यानं गेल्या असं कागद म्हणत नाहीत’ असं म्हणाले. काकूंना हे पोकळ दिलाशापेक्षा जास्त मानवलं.

जिथे अडलं

कथनाचं रेकॉर्डिंग रोज घरी ऐकायचं असतं. काकूंच्या घरी खाली दोन खोल्या आणि पाच माणसं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मोरीत बसून फोन कानाला लावून ऐकलं. नव्या सुनेनं बाहेरून रडण्याचा आवाज ऐकला, घरात चर्चा झाली, आणि काकूंनी दहा दिवस ऐकणंच सोडलं. उपाय साधा निघाला: दुपारी दोन ते तीन पत्र्याची खोली, हेडफोन, आणि मशीन चालू नसलं तरी ‘काकू शिवायला बसल्यात’ एवढंच घरात ठरलेलं. उतरंडीतली शेवटची पायरी त्यामुळे आपोआप लवकर सुरू झाली.

दुसरी अडचण जास्त खोलवरची. दाराशी असलेली पिशवी. पद्धतीच्या चौकटीत ती सरळ सरळ ‘सुरक्षेचं वर्तन’. भीती धरून ठेवणारी गोष्ट, म्हणून सोडायची. नवव्या भेटीत थेरपिस्टनं ती कपाटात ठेवायला सांगितली. काकूंनी नकार दिला, आणि पुढची भेट चुकवली.

प्रकरण-चर्चेत हा नकार पुन्हा तपासला. विमानाची किंवा पालीची भीती असलेल्या माणसाला आपण सांगतो की धोका नगण्य आहे. सखल वस्तीत राहणाऱ्या माणसाला ते सांगता येत नाही. १४ वर्षांनी आलेला पूर पुढे दोनच वर्षांत परत आला. जी पिशवी जुलैत शहाणपणाची, ती जानेवारीत भीतीची. मग प्रश्न पिशवीचा नव्हता, महिन्याचा होता.

त्यातून आराखडा बदलला. पिशवी १ जूनला भरायची, ऑक्टोबर लागला की रिकामी करायची. पाणीपातळी दिवसातून दोनदा बघायची, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. ३० फुटांच्या पुढे गेली तर दर तीन तासांनी, रात्री मुलानं बघायची. ३५ फुटांना मशीन आणि धान्य वर. ३८ फुटांना घर सोडून तासगावला बहिणीकडे, पाऊस थांबलेला असला तरी, शेजारी काही म्हणाले तरी. प्रशासनानं आधी सांगितलं तर आधी. औषधांच्या डब्याला एक नेमका माणूस. हा कागद फ्रिजच्या दाराला लागला. ‘कधी निघायचं’ हे एकदा शांत डोक्यानं ठरल्यामुळे रोज रात्री ते नव्यानं ठरवायची गरज उरली नाही, आणि झोपेत सर्वांत मोठा फरक याच आठवड्यांत दिसला.

निष्पत्ती

जुलै २०२३ अखेर पीसीएल-५ वर २१, पीएचक्यू-९ वर ६, नवव्या प्रश्नाला शून्य. अल्प्राझोलम बंद. सर्ट्रालिन चालू. पुलावरून पायी जाणं सुरू. ऑक्टोबरात, पितृपक्षात, काकूंनी सासूबाईंच्या आवडीचा स्वयंपाक स्वतः केला. फोटो भिंतीवर गेला.

तरी थेरपिस्टनं प्रकरण बंद केलं नाही, आणि हा निर्णय योग्य ठरला. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला होता, ऑगस्ट तर जवळपास रिकामा. पाऊसच वाजला नाही तर पावसाची भीती गेली असं म्हणता येत नाही. जून २०२४ मध्ये दोन उजळणीच्या भेटी ठेवल्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णा इशारा पातळीपर्यंत आली. ३५ ला मशीन वर गेलं, ३८ ला कुटुंब तासगावला. नवऱ्यानं ‘अजून एक दिवस बघू’ म्हटलं होतं. काकूंनी कागद दाखवला. तासगावात दोन रात्री झोप नीट लागली नाही, एकदा तेच स्वप्न पडलं. महिन्याच्या शेवटी गुण २९ वर गेले, सप्टेंबरमध्ये १८ वर आले. वाढलेले गुण पाहून काकू घाबरल्या होत्या. खऱ्या पाण्याच्या आठवड्यात ते वाढणारच, किती दिवसांत उतरतात ते बघायचं, हे त्यांना जूनमध्येच सांगून ठेवलेलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

गोळी कमी करणं आणि कथन सुरू करणं दोन्ही एकाच पंधरवड्यात आलं. पाचव्या-सहाव्या भेटीतली बेचैनी कशामुळे, हे कुणालाच सांगता येईना. आधी औषधाचा पहिला टप्पा स्थिर होऊ द्यायचा, मग तीन आठवड्यांनी कथन, असं केलं असतं तर काकूंचे काही वाईट दिवस वाचले असते.

घरात ऐकायला जागा आहे का, हा प्रश्न पहिल्याच मूल्यमापनात हवा. ही पद्धत पुस्तकात स्वतंत्र खोली गृहीत धरते. आपल्याकडे रुग्णाला घर कसं आहे, कोण कुठे झोपतं, दुपारी कोण असतं, मोरीला दार आहे का, इतक्या तपशिलात विचारावं लागतं.

पिशवीच्या बाबतीत नकार येण्याआधीच थांबायला हवं होतं. कोणतंही वर्तन सोडायला सांगण्यापूर्वी एक प्रश्न पुरेसा आहे: शेजारचा, पुराचा धक्का न बसलेला समंजस माणूस या महिन्यात हे करेल का? करेल, तर ते उतरंडीत घालायचं नाही.

नवऱ्याला पहिल्यांदा आत बोलावलं ते अकराव्या भेटीत. हे फार उशिरा झालं. आई त्यांची गेली होती, आणि त्या दोन रात्री ते मार्केट यार्डाकडे अडकले होते. कागदपत्रं वाचली गेली त्या दिवशी सर्वांत जास्त रडले ते तेच. घरात साडेतीन वर्षं दोघंही एकमेकांचा दोष काढणार या भीतीनं गप्प होती. त्यांच्यासाठी वेगळ्या भेटी सुचवल्या, ते दोनदा आले आणि हळदीचा हंगाम सुरू झाल्यावर थांबले. त्यांना पुन्हा कोणी आणि कसं बोलवावं, हे अजून ठरलेलं नाही. काकूंनी तो निरोप आपल्यावर घेऊ नये, एवढं मात्र थेरपिस्टनं त्यांना सांगितलं आहे.